वनस्पतिजन्य दही आणि वजनाचा काटा

खानापूर तालुक्यातील एका खेड्यात माझी मावशी राहते. वय साठीच्या पुढे गेलेले, अंग भरलेले आणि गुडघे कुरकुर करू लागलेले. पावसाळा संपता संपता ती डॉक्टरांकडे गेली, तेव्हा त्यांनी तिला स्पष्टच सांगितले, "बाई, पाच-सहा किलो वजन उतरवा. गुडघ्यांना औषधाइतकाच आराम पडेल." मावशी घरी आली आणि तिने पहिली कुऱ्हाड चालविली ती दह्यावर. परसात म्हैस बांधलेली, फडताळात दह्याचे मडके भरलेले. परंतु मावशीच्या पानातून मात्र दही नाहीसे झाले. शहरात नोकरी करणाऱ्या तिच्या लेकीने आईची ही तपश्चर्या ऐकली आणि बेळगावच्या एका मोठ्या दुकानातून तिला नव्या तऱ्हेचे दही पाठविण्याची व्यवस्था केली. हे दही गाईचे नव्हे आणि म्हशीचेही नव्हे, तर नारळाचे होते. डब्यावर हिरवीगार पाने काढलेली होती आणि मोठ्या अक्षरांत 'वनस्पतिजन्य' असे छापलेले होते.

नाताळात मी तिच्याकडे गेलो, तेव्हा सहज विचारले, "मावशी, वजन किती उतरले?"

"कुठले उतरते रे!" ती म्हणाली. "काटा होता तिथेच आहे. उलट चढण चढताना आताशा पाय गळून येतात. एवढे महागाचे दही खाते, तरी गुण काही येत नाही."

मी डबा हातात घेतला व त्याच्या पाठीमागचा बारीक मजकूर वाचला. नारळाचे दूध, पाणी, साखर, आंब्याचा गर, पिष्ट आणि विरजणाचे जंतू असे त्यातील घटक होते. शंभर ग्रॅममध्ये साखर तेरा ग्रॅम आणि प्रथिने एक ग्रॅमहूनही कमी.

"मावशी," मी म्हणालो, "तू दही सोडलेस खरे, पण त्याच्या जागी आंब्याचा गोड रस खायला लागलीस की!"

मावशीच्या घरी जे घडले, ते आज अनेक घरांत घडत आहे. मुले शहरांत किंवा परदेशांत असतात. ती सुटीवर येताना बदामाचे, सोयाबीनचे, ओट या धान्याचे किंवा काजूचे दही घेऊन येतात आणि घरातील स्थूल माणसाला प्रेमाने आग्रह करतात की, "हे खा, याने वजन उतरते." हा आग्रह कितपत खरा आहे, याचा शांतपणे विचार करणे अगत्याचे आहे. पैशाचा प्रश्न तर आहेच. परंतु त्याहून मोठा प्रश्न प्रकृतीचा आहे. उतारवयातील माणसाने चुकीचा पदार्थ सोडला आणि चुकीचा धरला, तर अंगावरची चरबी तशीच राहते आणि बळ मात्र कमी होते.

नाव जुने, वस्तू निराळी

वनस्पतींपासून दूध काढण्याची कल्पना आजकालची नव्हे. मध्ययुगीन युरोपात उपवासकाळाच्या दिवसांत मांसाबरोबर दूध, लोणी आणि अंडीही वर्ज्य असत. अशा दिवशी सधन घरांतून बदाम वाटून, ते पाण्यात कालवून आणि गाळून दूध काढीत व त्यातच कालवणे आणि खिरी करीत. इंग्लंडचा राजा दुसरा रिचर्ड याच्या मुदपाकखान्यातील आचाऱ्यांनी सुमारे १३९० साली पाककृतींचा जो संग्रह केला, त्यात बदामाचे दूध वारंवार भेटते. पूर्वेकडे चीनमध्ये सोयाबीनचे दूध कित्येक पिढ्यांपासून प्रचारात आहे. आणि आपल्याकडे नारळाचा रस काढून सोलकढी करणाऱ्या गोव्याच्या गृहिणीला तर ही विद्या कोणी शिकवावयास नकोच. परंतु एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. बदामाचे ते दूध प्राणिजन्य पदार्थ टाळण्यासाठी होते. वजन उतरविण्यासाठी नव्हते. हा भेद आज आपण विसरलो आहोत.

दह्याच्या आरोग्यगुणांची कीर्ती मात्र जनावरांच्या दुधाच्या दह्यावरून पसरली. १९०५ साली स्तामेन ग्रिगोरोव्ह या बल्गेरियन शास्त्रज्ञाने आपल्या देशातील दह्यात असणारा एक जंतू शोधून काढला. पुढे तो लॅक्टोबॅसिलस बल्गेरिकस या नावाने प्रसिद्धीस आला. पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमधील शास्त्रज्ञ एली मेचनिकॉफ यांनी त्यावरून असे मत मांडले की, आंबट दुधातील हे जंतू आतड्यांतील घातक जंतूंना आवर घालतात आणि त्यामुळे माणूस दीर्घायुषी होतो. मेचनिकॉफ यांना १९०८ साली नोबेल पारितोषिक मिळाले. ते शरीराच्या रोगप्रतिकारशक्तीवरील संशोधनासाठी होते. परंतु लोकांनी तो मान दह्यालाही देऊन टाकला आणि युरोपात दह्याची एकच लाट उसळली. स्वतः मेचनिकॉफ १९१६ साली वयाच्या ७१ व्या वर्षी निवर्तले.

आज बाजारात मिळणारे वनस्पतिजन्य दही याच रीतीने तयार होते. डाळ, दाणे, बिया किंवा नारळ वाटून रस काढतात, तो तापवून कोमट करतात आणि त्याला जंतूंचे विरजण लावतात. येथे एक अडचण उभी राहते. गाईम्हशीच्या दुधात केसिन नावाचे प्रथिन असते. आंबटपणा चढला की ते गोठते आणि घट्ट दही लागते. सोयाबीनची प्रथिनेही बऱ्याच अंशी अशीच गोठतात. परंतु नारळ, बदाम किंवा ओट यांच्या पातळ रसात तेवढी प्रथिने नसतात. म्हणून त्यांना दाटपणा यावा यासाठी पिष्ट, डिंक किंवा पेक्टिन घालावे लागते आणि चवीसाठी पुष्कळदा साखरही घालतात. ज्याला आपण दही म्हणतो, ते अशा वेळी आंबविलेल्या लापशीच्या जवळपास जाते. लापशी वाईट असते असे नव्हे. परंतु ती दह्याची जागा घेऊ शकत नाही.

या नावावरून कायद्यानेही विचार केलेला आहे. युरोपीय संघाच्या न्यायालयाने १४ जून २०१७ रोजी असा निर्णय दिला की, निव्वळ वनस्पतिजन्य मालाला दूध, लोणी, चीज किंवा दही अशी नावे देऊन तो विकता येणार नाही. काही रूढ अपवाद तेवढे राखून ठेवले. आपल्या देशात अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाने २०२१ सालच्या सप्टेंबरात घरपोच विक्री करणाऱ्या व्यापाऱ्यांना सूचना दिली की, दुग्धजन्य नावे लावलेला वनस्पतिजन्य माल विक्रीच्या यादीतून काढावा. पुढे २०२२ साली अशा शुद्ध वनस्पतिजन्य पदार्थांसाठी स्वतंत्र नियम झाले आणि त्यांच्यासाठी एक निराळे हिरवे बोधचिन्हही ठरविण्यात आले. हे चिन्ह एवढेच सांगते की, आत प्राणिजन्य काही नाही. आतील पदार्थ हलका आहे की जड, गोड आहे की अगोड, पौष्टिक आहे की पोकळ, याविषयी ते चिन्ह काहीच बोलत नाही. मावशीच्या लेकीने नेमका येथेच गैरसमज करून घेतला होता.

दही खाल्ल्याने वजन उतरते काय?

अमेरिकेतील १,२०,८७७ स्त्रीपुरुषांच्या आहाराचा आणि वजनाचा अनेक वर्षे मागोवा घेऊन २०११ साली एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. वयपरत्वे बहुतेकांचे वजन थोडथोडे वाढतच होते. परंतु ज्यांच्या आहारात दह्याचे प्रमाण वाढले, त्यांचे वजन दर चार वर्षांच्या काळात इतरांच्या मानाने कमी वाढले असे दिसून आले. रोजच्या एका वाढीव वाटीमागे हा फरक सुमारे पाव ते अर्धा किलो इतका होता. त्याच अभ्यासात बटाट्याच्या तळलेल्या काचऱ्या आणि साखर घातलेली पेये यांचा संबंध वजन वाढण्याशी दिसला.

हे वाचून कोणी हुरळून जाऊ नये. एक तर चार वर्षांत अर्ध्या किलोचा फरक म्हणजे काही चमत्कार नव्हे. दुसरे असे की, दही खाणारी माणसे इतर बाबतींतही बहुधा अधिक जपून वागतात. तेव्हा श्रेय दह्याचे किती आणि सवयींचे किती, हे अशा अभ्यासावरून निश्चित ठरत नाही. तिसरी आणि आपल्या विषयाला सर्वांत महत्त्वाची गोष्ट ही की, ते दही दुधाचे होते. दुधाच्या दह्याची पुण्याई नारळाच्या किंवा बदामाच्या दह्याच्या खात्यावर जमा करता येत नाही.

वजनाचा हिशेब मुळात साधा आहे. दिवसभरात जितके उष्मांक पोटात जातात, त्याहून अधिक खर्च झाले तर शरीर आपली शिल्लक चरबी मोडते. एक किलो चरबीत सुमारे ७,७०० उष्मांक साठविलेले असतात. म्हणून एक वाटी या पदार्थाची की त्या पदार्थाची, एवढ्याने काटा हलत नाही. प्रश्न असा विचारावयास हवा की, या वाटीने पोट किती वेळ भरलेले राहते, अंगाला काय मिळते आणि किती उष्मांक पदरात पडतात? पोट भरल्याची जाणीव टिकविण्याच्या कामी प्रथिनांचा वाटा मोठा असतो. शिवाय वजन उतरविताना चरबीबरोबर स्नायूही झिजतात. त्यांची झीज आवरण्यासाठी पुरेशी प्रथिने आणि अंगमेहनत दोन्ही लागतात. हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शिफारशीप्रमाणे निरोगी प्रौढ माणसाला दर किलो वजनामागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिने हवीत. म्हणजे ६५ किलो वजनाच्या बाईला सुमारे ५४ ग्रॅम झाली. भात-आमटीवर राहणाऱ्या घरात हा आकडा गाठणे सोपे नसते. अशा वेळी पानातील दही काढून टाकणे म्हणजे आधीच उणे असलेल्या खात्यातून आणखी रक्कम उचलण्यासारखे आहे. मावशीचे पाय का गळून येत होते, याचे एक कारण येथे असू शकेल, असे मला वाटले.

एकेकाची पारख

आता निरनिराळ्या दह्यांची तुलना करू. खालील सर्व आकडे शंभर ग्रॅमचे, म्हणजे एका लहान वाटीचे, आणि स्थूलमानाचे आहेत.

गाईच्या पूर्ण दुधाचे साधे दही घेतले तर त्यात सुमारे ६० उष्मांक, साडेतीन ग्रॅम प्रथिने आणि १२० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. म्हशीच्या दुधात स्निग्धांश जवळजवळ दुप्पट असल्याने त्याचे दही शंभर उष्मांकांच्या घरात जाते. दूध तापवून, निववून वरची साय काढून घेतली तर स्निग्धांशाचा मोठा भाग निघून जातो. प्रथिने आणि कॅल्शियम मात्र मागे राहतात. आपल्या आज्या ताक घुसळून लोणी काढीत, तेव्हा नकळत हेच करीत होत्या.

नारळाची गोष्ट याच्या उलट आहे. नारळाच्या दाट रसात शंभर ग्रॅमला सुमारे २३० उष्मांक असतात आणि प्रथिने अवघी दोन-सव्वादोन ग्रॅम. बाकी बहुतेक सारा स्निग्धांश; आणि नारळाच्या स्निग्धांशापैकी जवळजवळ नव्वद टक्के भाग संपृक्त, म्हणजे रक्तातील अपायकारक कोलेस्टेरॉल वाढविणाऱ्या जातीचा असतो. दुकानातील दह्यासाठी हा रस पाणी घालून पातळ करतात, त्यामुळे उष्मांक कमी होतात. परंतु त्याबरोबर प्रथिनेही नावापुरतीच उरतात. गोव्याच्या माशाच्या कालवणात नारळ शोभतो आणि तेथे त्याने खुशाल राहावे. मात्र वजन उतरविण्याचे साधन म्हणून त्याची निवड करणे शहाणपणाचे नाही.

बदाम स्वतः पौष्टिक आहे. परंतु बाजारी बदामाच्या दुधात बदाम फारच थोडे आणि पाणी फार असते. शंभर मिलिलिटरला प्रथिने बहुधा अर्ध्या ग्रॅमच्या आसपास भरतात. त्याचे साखर न घातलेले दही उष्मांकांनी हलके असू शकते. पण हलके म्हणजे पोटभरीचे नव्हे. तासाभरात पुन्हा भूक लागते आणि मग हात बिस्किटाच्या डब्याकडे जातो. काजूचे दही चवीला उत्तम लागते. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी ब्राझीलहून आणलेले हे झाड गोव्याच्या भूमीत चांगलेच रुजले. परंतु शंभर ग्रॅम काजूत साडेपाचशेच्या वर उष्मांक असतात; तेव्हा दही किती दाट केले आहे यावर सारा हिशेब अवलंबून राहतो. ओटच्या दुधात धान्यातील पिष्टाचे पाचक द्रव्यांनी साखरेत रूपांतर करतात. म्हणून वरून साखर न घालताही ते गोडसर लागते, आणि मधुमेही माणसाने याची विशेष नोंद घ्यावी.

शेंगदाण्याचे दही पुष्कळ जण आता घरी लावू लागले आहेत. शेंगदाण्यात शंभर ग्रॅमला सुमारे २५ ग्रॅम प्रथिने असल्याने ते दही पोकळ नसते. मात्र तेलही भरपूर असल्याने त्याची वाटी लहान असावी.

राहता राहिले सोयाबीन. या सर्वांत दुधाच्या दह्याच्या अगदी जवळ येणारे हेच. साखर न घातलेल्या सोयाबीनच्या दुधात प्रथिने सुमारे तीन ग्रॅम, म्हणजे गाईच्या दुधाच्या बरोबरीने, आणि उष्मांक बहुधा पन्नासच्या आत असतात. त्यातील प्रथिने प्रतीनेही चांगली आणि स्निग्धांश बहुतांशी असंपृक्त. इंदूरच्या आसपासच्या माळव्यातील वाचकांना सोयाबीनची ओळख करून द्यावयास नको. तेथील काळ्या जमिनीत ते अमाप पिकते आणि या पिकाच्या संशोधनासाठी १९८७ साली इंदुरातच एक राष्ट्रीय केंद्र स्थापन झाले. शेतात जे पोत्यांनी पिकते, तेच डब्यात घालून महागात विकत आणण्याचे कारण नाही.

घरी करावयाचे असल्यास मूठभर सोयाबीन रात्रभर भिजत घालावे, सकाळी सालपटे चोळून काढावीत, आठपट पाणी घालून बारीक वाटावे आणि फडक्यातून गाळून घ्यावे. हा रस ढवळत ढवळत किमान पंधरा-वीस मिनिटे नीट उकळलाच पाहिजे. कारण कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिनांच्या पचनात अडथळा आणणारी द्रव्ये असतात आणि ती उष्णतेनेच निष्प्रभ होतात. मग तो कोमट झाल्यावर चमचाभर विरजण घालून उबेला ठेवावा. ज्यांना दूध वर्ज्य नाही, त्यांनी नेहमीचेच विरजण वापरण्यास हरकत नाही. दही थोडे पातळ लागेल आणि त्याला सोयाबीनचा वास येईल. जिरे, कोथिंबीर आणि मिठाने तो बराचसा झाकतो.

डबा उलटून वाचा

विकतचा डबा घेण्याचा प्रसंग आलाच, तर पुढची चित्रे न पाहता मागचा मजकूर पाहावा आणि चार प्रश्न विचारावेत.

पहिला प्रश्न साखरेचा. चहाचा एक लहान चमचा म्हणजे साधारण चार ग्रॅम साखर. 'वरून घातलेली साखर' या शब्दांपुढे जो आकडा असेल, त्याला चारांनी भागावे म्हणजे चमचे समजतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली असा सल्ला दिला की, अशा साखरेतून मिळणारे उष्मांक दिवसाच्या एकूण उष्मांकांच्या दहा टक्क्यांहून कमी असावेत आणि पाच टक्क्यांच्या आत राहिल्यास अधिक चांगले. दोन हजार उष्मांकांच्या आहाराला हे प्रमाण अनुक्रमे पन्नास आणि पंचवीस ग्रॅम होते. मावशीच्या डब्यातील शंभर ग्रॅम दह्यातच या पंचविसांपैकी निम्मी साखर संपत होती.

दुसरा प्रश्न प्रथिनांचा. शंभर ग्रॅमला तीन ग्रॅम किंवा त्याहून अधिक असतील तर ते दह्याची जागा घेऊ शकेल. एक ग्रॅम किंवा त्याहून कमी असतील तर ते तोंडी लावणे समजावे.

तिसरा प्रश्न संपृक्त स्निग्धांशाचा. तो जितका कमी तितका बरा. नारळाच्या पदार्थांत हा आकडा आवर्जून पाहावा.

चौथा प्रश्न कॅल्शियमचा आणि ब-१२ जीवनसत्त्वाचा. प्रौढ माणसाला रोज सुमारे एक हजार मिलिग्रॅम कॅल्शियम लागते. दुधातून ते सहज मिळते. वनस्पतींच्या पातळ रसातून, वरून घातल्याखेरीज, फारसे मिळत नाही. ब-१२ जीवनसत्त्व तर वनस्पतिजन्य अन्नात नैसर्गिकरीत्या नसतेच. मासे, अंडी किंवा मांस खाणाऱ्यास त्याची उणीव सहसा भासत नाही. परंतु ज्याने प्राणिजन्य सर्वच सोडले, त्याने ब-१२ ची सोय डॉक्टरांच्या सल्ल्याने वेगळी करावयास पाहिजे. ऋतुसमाप्तीनंतर स्त्रियांची हाडे झपाट्याने ठिसूळ होऊ लागतात, तेव्हा कॅल्शियमचा प्रश्न त्यांनी तरी हलका मानू नये.

कोणी घ्यावे, कोणी जपावे

इतके वाचून वनस्पतिजन्य दही म्हणजे निव्वळ फसवणूक, असा ग्रह कोणी करून घेऊ नये. ज्यांना दुधाची प्रतिक्रिया येते, अंगावर गांधी उठतात किंवा धाप लागते, त्यांना ते वरदानच आहे. जगातील सुमारे दोन-तृतीयांश प्रौढांत दुधातील साखर पचविण्याची शक्ती वयाबरोबर मंदावते. अशांना दूध पिताच पोट फुगते. यांपैकी पुष्कळांना दही मात्र सोसते, कारण विरजणाचे जंतू त्या साखरेचा काही भाग आधीच खाऊन टाकतात आणि उरलेली पचविण्यासही मदत करतात. ज्यांना दहीही सोसत नाही, त्यांनी साखर न घातलेले सोयाबीनचे दही अवश्य घ्यावे. प्राण्यांविषयीच्या कळकळीने ज्यांनी दूध सोडले, त्यांचाही मार्ग हाच.

काही सूचना मात्र पाळाव्यात. सोयाबीन, शेंगदाणे किंवा काजू ज्यांना बाधतात, त्यांनी ते दही चाखूनही पाहू नये. थायरॉइडची गोळी घेणाऱ्यांनी सोयाबीन आणि गोळी यांत काही तासांचे अंतर ठेवावे, कारण सोयाबीनमुळे ती गोळी अंगी कमी लागते. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी प्रथिनांचे प्रमाण आपल्या मनाने वाढवू नये. आणि तान्ह्या मुलाला आईच्या किंवा डॉक्टरांनी सांगितलेल्या दुधाऐवजी असले पदार्थ कदापि देऊ नयेत.

मावशीचा काटा

आता पुन्हा मावशीकडे वळू. त्या दिवशी आम्ही दोघांनी ओसरीवर बसून तिच्या दिवसभराच्या खाण्याचा हिशेब मांडला. दही सोडून तिने दिवसाला शंभर उष्मांक वाचविले होते, हे खरे. पण डब्यातील गोड दह्याने ते परत आणले होते. शिवाय दिवसातून चार वेळा चहा होत असे आणि प्रत्येक पेल्यात दोन चमचे साखर. चारदुणे आठ चमचे, म्हणजे बत्तीस ग्रॅम साखर आणि सुमारे १३० उष्मांक झाले. दुपारच्या भाताचे दोन ढीग निराळेच. बेळगावहून कोणी कुंदा आणला तर त्याची बातच नको.

"म्हणजे चोर चहात होता आणि मी दह्याला कोंडून ठेवले!" मावशी म्हणाली आणि आपल्याशीच हसली.

त्यानंतर आम्ही जे ठरविले, त्यात नवे असे काहीच नव्हते. चहा दोन वेळा आणि साखर अर्धा चमचा. भाताचा एक ढीग कमी आणि त्या जागी डाळ, पालेभाजी किंवा मासळी. म्हशीच्या दुधाची साय काढून त्याचे दही किंवा ताक, दोन्ही जेवणांत वाटीभर. संध्याकाळी गुडघ्यांना झेपेल तेवढे सपाट रस्त्याने चालणे. वजनाचा काटा रोज न पाहता आठवड्यातून एकदा, तोही सकाळी उपाशीपोटी पाहणे. शहरातून येणारा डबा बंद.

ही खटपट कशासाठी, हेही मी तिला सांगितले. गुडघेदुखी असलेल्या वयस्कर माणसांच्या चालण्याचे मोजमाप करून २००५ साली असे दाखविण्यात आले की, एक किलो वजन कमी झाले तर प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी कमी होतो. दिवसाला हजारो पावले टाकणाऱ्या बाईला दोन किलोंचा उतारही थोडा नव्हे.

ईस्टरनंतर मी पुन्हा गेलो, तेव्हा तिचे वजन अडीच किलो कमी झालेले होते. डॉक्टरांनी सांगितलेल्या आकड्याच्या निम्म्यावरच ती पोहोचली होती. परंतु विहिरीची चढण ती न थांबता चढत होती. याचे श्रेय साय काढलेल्या दह्याला द्यावे असे मी म्हणणार नाही. ते चहातून गेलेल्या साखरेचे, कमी झालेल्या भाताचे आणि संध्याकाळच्या पावलांचे आहे. दह्याने एवढेच केले की, कमी जेवणातही तिचे पोट भरलेले ठेवले आणि अंगातील बळ राखले. दह्याकडून याहून अधिक अपेक्षा करू नये, मग ते म्हशीचे असो की सोयाबीनचे.

लेकीच्या प्रेमाचा मान राखण्यासाठी मावशीने तिला पत्र लिहून कळविले की, पुढच्या वेळी डब्याऐवजी भिंतीवर लावावयाचा चांगला चष्म्याविना वाचता येईल असा वजनाचा काटा नसेल मिळत, तर निदान जमिनीवर ठेवावयाचा तरी मोठ्या आकड्यांचा काटा आण. आता बाजाराला जाताना ती नातीला बरोबर नेते आणि कोणताही डबा पिशवीत घालण्यापूर्वी पाठीमागचा मजकूर तिच्याकडून मोठ्याने वाचून घेते. दुकानदार थोडा कंटाळतो, पण नातीला चाराने भागण्याचा पाढा चांगलाच पाठ झाला आहे.